भोर व वेल्हे तालुक्यांतील वनव्यवसाय

भोर व वेल्हे हे पुणे जिल्ह्यातील सह्याद्रीच्या माथ्यालगतचे तालुके होत. येथील जंगलांवर शेती, वनोपज व कोळशाचा व्यापार दीर्घकाळ अवलंबून होता.

आर्थिक महत्त्व
भात व नाचणीच्या रोपांसाठी फांद्या तोडून राब भाजण्याची पद्धत येथे रूढ आहे. हिरडा कातडी कमावण्यासाठी व औषधांसाठी विकला जातो. त्याच्या कोवळ्या, वाळलेल्या फळास बाळहिरडा म्हणतात. मालकी रानांतील झाडे ठेकेदार अल्प किमतीत घेऊन भट्ट्यांत त्यांचा कोळसा पाडीत.

पर्यावरणीय परिणाम
पानशेत धरणाच्या कामासाठी रस्ते झाल्यावर दुर्गम खोऱ्यांतील लाकूड बाजाराच्या आवाक्यात आले आणि वृक्षतोड वाढली. उघड्या उतारांवरची माती पावसाळ्यात वाहून जलाशयांत साचते. पानशेतचे पाणी पुणे शहरास, तर भाटघरचे पाणी नीरा खोऱ्यातील शेतीस मिळत असल्याने या हानीची झळ तालुक्यांबाहेरही पोहोचते.

सांस्कृतिक महत्त्व
वाघजाई, काळकाई आदी ग्रामदेवतांच्या नावे राखलेल्या देवरायांत कुऱ्हाड लावू नये, असा संकेत आहे. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास करून १९७६ मध्ये त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. कोळशाच्या व्यापारात काही देवरायाही तुटल्या. मात्र जेथे गावाने संकेत पाळला, तेथे जुने वृक्ष व महावेली टिकून आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनांच्या रक्षणाचा ग्रामसभेचा अधिकार मान्य केला आहे.