मौलाबक्षांच्या नातवाच्या तबकड्या

१९०९ साली कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीच्या कर्ण्यासमोर बडोद्याचा एक तरुण गवई गायला बसला. आदल्याच वर्षी कंपनीनं सियालदहला कारखाना काढला होता. त्याआधी इथल्या गाण्यांच्या तबकड्या जर्मनीतल्या हॅनोव्हरहून छापून येत. विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण यायला अजून पंधराएक वर्षं होती. गाणाऱ्यानं कर्ण्याजवळ तोंड नेऊन आवाज फेकायचा आणि तीन-साडेतीन मिनिटांत काय सांगायचं ते सांगून मोकळं व्हायचं. त्या गवयानं अशी तीसेक गाणी दिली. नाव लागलं इनायत खान आर. पठाण. पुढच्याच वर्षी हा गवई भावंडांसह अमेरिकेला गेला, आणि तबकड्या मागे राहिल्या.

आज जग त्यांना हजरत इनायत खान म्हणून ओळखतं. पश्चिमेकडे सूफी विचार नेणारे साधक, दिल्लीत निजामुद्दीनला ज्यांचा दर्गा आहे ते. त्यांच्या प्रवचनांचे ग्रंथ अनेक भाषांत निघाले. त्यांच्या गाण्याबद्दल मात्र बडोद्यातसुद्धा फारसं कोणी बोलत नाही. त्यात नावांचाही गोंधळ आहे. इमदादखानी घराण्याचे सतारिये इनायत खाँ वेगळे. त्यांच्याही मुलाचं नाव विलायत आणि यांच्याही मुलाचं नाव विलायत, त्यामुळे चांगले जाणकार रसिकही बुचकळ्यात पडतात.

या तबकड्या कळायच्या तर दोन पिढ्या मागे जायला हवं. मौलाबक्ष हे इनायत खानांचे आईकडून आजोबा. जन्म १८३३ चा, उत्तरेतला. हिंदुस्थानी गायकीत तयार झालेला हा माणूस दक्षिणेत उतरला, कर्नाटक संगीत शिकला आणि म्हैसूरच्या महाराजांनी छत्र-चामरांसकट त्यांचा सन्मान केला. मुसलमान गवयाला ती विद्या सहजासहजी मिळाली नव्हती, ही आठवण घराण्यात जपलेली आहे. दोन्ही पद्धती अंगात मुरलेला आणि शिवाय गाणं कागदावर उतरवण्याच्या ध्यासानं झपाटलेला असा गवई त्या काळात विरळाच.

बडोदंही तेव्हा अशा माणसाला साजेसं होतं. सयाजीराव तिसरे १८७५ मध्ये गादीवर आले आणि १८८१ मध्ये त्यांच्या हाती पूर्ण अधिकार आले. त्यांच्या पहिल्या राणी चिमणाबाई तंजावरच्या. त्यांच्यासोबत तिथल्या नर्तकी, नाच बसवणारे नट्टुवनार आणि वाजवणारी मंडळी बडोद्यात आली. दरबारचा कारभार मराठीत, प्रजेची भाषा गुजराती, गवई उत्तरेचे, नर्तकी तमिळ. या सगळ्या मंडळींसाठी संस्थानात ‘कलावंत कारखाना’ नावाचं स्वतंत्र खातं होतं. पगार, हजेरी, रजा सगळं तिथे नोंदलं जाई. गवयाला सरकारी नोकरासारखं वागवणाऱ्या या खात्यावर जानकी बखले यांनी ‘टू मेन अँड म्युझिक’ या २००५ सालच्या पुस्तकात जे लिहिलं आहे, ते बडोद्याच्या प्रत्येक संगीतप्रेमीनं वाचावं असं आहे.

१८८६ मध्ये मौलाबक्षांच्या देखरेखीखाली संस्थानची गायनशाळा उघडली. घराण्यात जन्मलेल्यांनीच गाणं शिकावं हा दंडक तिनं बाजूला सारला. सामान्य घरातली मुलं फळ्यावरची स्वरलिपी वाचून शिकू लागली. पुण्यात गायन समाज १८७४ मध्ये निघाला होता, कलकत्त्यात सौरींद्रमोहन टागोरांची शाळा १८७१ पासून चालू होती, त्यामुळे बडोद्याला पहिलेपण देता येणार नाही. पण एका संस्थानानं आपल्या तिजोरीतून, आपल्या शिक्षणव्यवस्थेचा भाग म्हणून गाणं शिकवणं ही मोठीच गोष्ट होती. विष्णु दिगंबर पलुस्करांचं लाहोरचं गांधर्व महाविद्यालय यानंतर पंधरा वर्षांनी, १९०१ मध्ये निघालं. पलुस्करांचं आणि भातखंड्यांचं नाव आपल्याकडे घरोघरी पोचलं, मौलाबक्षांचं पोचलं नाही. त्यांची स्वरलिपी मागे पडली, भातखंड्यांची रूढ झाली, आणि ज्याची लिपी टिकते त्याचाच इतिहास लिहिला जातो. हा अन्याय कोणी ठरवून केलेला नाही, पण अन्याय आहेच.

मौलाबक्षांचं घर म्हणजे एक छोटी गायनशाळाच होती. जावई रहमत खाँ पंजाबकडचे ध्रुपदिये. मुलगा अलाउद्दीन खाँ संस्थानच्या खर्चानं लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिकून आलेला. नातवंडांत इनायत (जन्म १८८२), महबूब आणि मुशर्रफ, शिवाय त्यांचा नात्यातला भाऊ महंमद अली. एका खोलीत ध्रुपद, दुसरीत वीणा, तिसरीत युरोपातलं संगीत, असं हे बालपण. धाकट्या मुशर्रफ खानांनी १९३२ मध्ये ‘पेजेस इन द लाइफ ऑफ अ सूफी’ या पुस्तकात बडोद्याचे ते दिवस लिहून ठेवले आहेत. मराठीत या पुस्तकाचं भाषांतर व्हायला हवं.

आजोबा १८९६ मध्ये वारले तेव्हा इनायत चौदा वर्षांचे होते. पुढे ते त्याच गायनशाळेत शिकवू लागले. हार्मोनियम आणि व्हायोलिन शिकवणारी पुस्तकं त्यांनी लिहिली आणि १९०३ मध्ये स्वरलिपीसह गाण्यांचं ‘इनायत गीत रत्नावली’ काढलं. मग हैदराबादला निजाम महबूब अली खानांच्या दरबारी गेले. तिथेच सय्यद अबू हाशिम मदनी हे चिश्ती गुरू भेटले. दक्षिणेत फिरले, सिलोन झालं, रंगून झालं, आणि शेवटी कलकत्ता. मिळालेली सगळी पदकं तिथेच एका गाडीत विसरली गेली आणि परत मिळालीच नाहीत, हे त्यांनी स्वतःच पुढे सांगितलं आहे. पदकं गेली त्याच शहरात आवाज मात्र राहिला.

१३ सप्टेंबर १९१० रोजी इनायत, महबूब आणि महंमद अली मुंबईहून निघाले. मुशर्रफ मागाहून येऊन मिळाले, रामस्वामी नावाचे तबलजीही साथीला आले. ‘रॉयल म्युझिशियन्स ऑफ हिंदुस्तान’ असं या कुटुंबाच्या ताफ्याचं नाव होतं. पश्चिमेत सतार लोकप्रिय झाली ती यानंतर पन्नास वर्षांनी. यांच्यासमोरचा श्रोता रागाचं नावही न ऐकलेला होता. १९११ मध्ये रूथ सेंट डेनिस या नर्तिकेच्या दौऱ्यात त्यांना नाचाच्या मागे बसून वाजवावं लागलं. पॅरिसला माता हारीच्या कार्यक्रमातही तेच. पोटासाठी हे करताना दरबारात ध्रुपद ऐकत वाढलेल्या माणसाचं मन किती खट्टू झालं असेल, हे सांगायची गरज नाही. पण त्याच पॅरिसमध्ये संगीतकार क्लोद दब्युसी भेटले, मॉस्कोत संगीतकार स्क्रियाबिन. ही माणसं कान देऊन ऐकणारी होती.

१९१६ च्या मार्चमध्ये बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, भातखंड्यांच्या पुढाकारानं. मौलाबक्षांचे हे नातू तेव्हा पहिल्या महायुद्धातल्या लंडनमध्ये होते. पुढे इनायत खानांनी मैफली सोडून दिल्या आणि सूफी कार्याला सगळा वेळ दिला. १९२७ मध्ये दिल्लीत ते वारले. गाणं मात्र घरातून गेलं नाही. महबूब खानांनी पाश्चात्त्य हार्मनीच्या साथीनं गीतं रचली, इनायत खानांचा धाकटा मुलगा हिदायत सिंफनी लिहिणारा संगीतकार झाला, थोरली मुलगी नूर वीणा वाजवायची. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनसाठी गुप्त बिनतारी संदेश पाठवणारी आणि १३ सप्टेंबर १९४४ ला डाखाउच्या छळछावणीत मारली गेलेली ती नूर हीच. वडील आणि काका मुंबईहून निघाले त्याला त्या दिवशी बरोबर चौतीस वर्षं झाली होती.

बडोद्यातून इनायत खानांच्याच काळात आणखी एक गातं घर बाहेर पडलं होतं, ते आपल्या चांगल्या ओळखीचं. अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने बडोदं सोडून गेले आणि त्यांच्या मुलांनी, सुरेशबाबू, हिराबाई आणि सरस्वतीबाईंनी, महाराष्ट्राचे कान घडवले. हिराबाईंनी तर बडोदेकर हे आडनावच लावलं. त्यांच्या तबकड्या घरोघरी वाजल्या, रेडिओवर लागल्या, शिष्यांनी उचलल्या. इनायत खानांच्या तबकड्यांना असा शिष्यवर्ग मिळाला नाही. गाणारा परदेशी गेला, तिथेच गाणं थांबवलं, आणि इथे त्याची चीज पुढे गाणारं कोणी उरलं नाही.

ग्रामोफोन कंपनीनं १९९४ मध्ये ही ध्वनिमुद्रणं दोन सीडींत पुन्हा काढली. हा संच बहुतेक करून सूफी साधकांनीच घेतला आणि प्रार्थनेच्या भावानं ऐकला. त्यांच्या भक्तीबद्दल आदर ठेवूनही म्हणावंसं वाटतं की हे गाणं दर्ग्यात नव्हे, गायनशाळेत तयार झालेलं आहे. ते मैफलीच्या कानानं ऐकावं. खरखरीमागचा तो तरुण, मोकळा आवाज अजून संत झालेला नाही. आपण कोणत्या घरातले आहोत ते तीन मिनिटांत सिद्ध करायला तो निघाला आहे.

अशा ऐकण्याला बडोद्याइतकी योग्य जागा नाही. मौलाबक्षांची गायनशाळाच वाढत वाढत आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी झाली आहे. ‘गीत रत्नावली’ १९०३ ची, तबकड्या १९०९ च्या. एकाच माणसानं सहा वर्षांच्या अंतरानं कागदावर लिहिलेलं आणि कर्ण्यात गायलेलं गाणं असं समोरासमोर ठेवता येणं ही त्या काळच्या संगीतात दुर्मीळ सोय आहे. मौलाबक्षांच्या वळणाच्या लिपीत काय मावत होतं आणि गळ्यात काय उरत होतं, हे तिथल्या विद्यार्थ्यांना एक कान तबकडीला आणि एक डोळा पुस्तकाला लावून तपासता येईल.