मागचं हाड

१९८०च्या दशकात मी उपनगरातल्या महापालिकेच्या एका रुग्णालयात अस्थिरोग विभागात रुजू झालो, तेव्हा कमरेचं हाड मोडलेला पेशंट वॉर्डाच्या दारातूनच ओळखू यायचा. खाटेवर चौकट, चौकटीला टांगलेली कॅनव्हासची झोळी आणि त्या झोळीत गादीपासून बोटभर वर उचललेली त्याची कंबर. पायाच्या हाडातून आरपार गेलेली स्टाइनमनची पिन, तिला बांधलेली दोरी कप्पीवरून खाली सोडलेली आणि टोकाला वजनं. वजनं कमी पडली तर वाळूच्या पिशव्या. खाटेचा पायथा विटांवर चढवायचा, म्हणजे माणूस स्वतःच्याच भाराने वरच्या बाजूला ओढला जाई. असं सहा आठवडे, कधी बारा. कुशीवर वळायची सोय नाही. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून सिस्टर आणि आयाबाई जे कष्ट घेत, ते कुठल्याच केसपेपरवर लिहिलेले नसत.

हे पेशंट यायचे कुठून, त्याचं उत्तर या उपनगरांच्या इतिहासातच आहे. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी धावली, १८६७मध्ये विरारकडून लोकल सुरू झाली, १९२५ला व्हीटी-कुर्ला आणि १९२८ला बोरिवलीपर्यंत विजेची गाडी आली. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली ही गावं रुळांच्या कडेनेच वाढली आणि राजावाडी, कूपर, भगवती, मुलुंडचं अग्रवाल ही रुग्णालयंही त्याच वस्त्यांसाठी उभी राहिली. दारातून पडलेला, रूळ ओलांडताना सापडलेला, फलाट आणि गाडीच्या फटीत गेलेला, असे लोक हमालांच्या स्ट्रेचरवरून यायचे. पुढे कांदिवली-पवईकडे टॉवर चढू लागले आणि परांचीवरून पडलेले मजूर येऊ लागले. हायवेवरचे मोटरसायकलवाले तर होतेच.

या साऱ्यांची मोडतोड सारखी नसते. कंबर म्हणजे तीन हाडांचं कडं: दोन बाजूंना दोन मोठी हाडं, मागे मधोमध माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी सेक्रम. बांगडीसारखंच हे कडं सहसा एकाच जागी तुटत नाही. पुढे तडा दिसला की मागे शोधावंच लागतं. मोटरसायकलवाला पेट्रोलच्या टाकीवर आदळला की पुढचा सांधा उघडतो. ती फट अडीच सेंटिमीटरच्या पुढे गेली, तर मागच्या सांध्याचे पुढचे बंधही तुटले असं आम्ही धरतो. परांचीवरून एका पायावर पडलेल्याचं मात्र कमरेचं अर्धं कडंच वर सरकतं, मागचे सगळे बंध तोडून. फ्रान्सच्या माल्गेन्यने अशी पुढून-मागून झालेली उभी मोडतोड एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लिहून ठेवली होती. पण तिची नीट प्रतवारी टोरांटोच्या पेनल आणि टाइल यांनी केली. टाइलची १९८८ची ए, बी, सी ही विभागणी आम्ही रोज तोंडी वापरत असू: ए म्हणजे घट्ट, बी म्हणजे फिरणारं, सी म्हणजे फिरणारं आणि वर सरकणारंही.

झोळीनंतर आल्या बाहेरच्या सळ्या. फिनलंडच्या स्लाटिसने सत्तरच्या दशकात मांडलेली चौकट: कमरेच्या कडेच्या हाडात दोन्ही बाजूंना पिना आणि पोटासमोर त्यांना जोडणारे लोखंडी दांडे. कमरेच्या पोकळीत मुख्यतः शिरांच्या जाळ्यातून आणि हाडाच्या तुटक्या तोंडांतून रक्त वाहतं आणि बाहेर थेंबही न दिसता दोन-तीन लिटर जातं. सळ्यांनी उघडलेलं कडं मिटलं की पोकळी आवळली जाते आणि रक्त थांबायला मदत होते. या चौकटीने जीव वाचवले, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण सी प्रकारात ती पुढून कितीही आवळली तरी मागचं अर्धं कडं हळूहळू वर सरकायचं. पेशंट वाचायचा आणि एक पाय आखूड घेऊन घरी जायचा. त्याला पाटावर बसता येत नसे, भारतीय संडास जमत नसे, लोकलची पायरी चढवत नसे. शिवाय पिनांभोवती पू व्हायचा तो वेगळाच.

पुढच्या सांध्याला प्लेट लावणं सोपं होतं. सिझेरियनसारखा आडवा छेद घ्यायचा, प्लेट बसवायची. बी प्रकारातल्या उघडलेल्या कड्याला अनेकदा तेवढंच पुरतं. मागे मात्र जायचं, तर पेशंटला पालथा घालून चिरा घ्यावा लागे आणि आधीच चेंगरलेली कातडी तिथे चिघळायची. हे बदललं सी-आर्ममुळे, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच पडद्यावर एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्रामुळे. अमेरिकेत माटा, मग राऊट यांनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून कडेच्या हाडातून सेक्रममध्ये जाणारा स्क्रू रुळवला. राऊटने तो पेशंटला उताणा ठेवूनच घातला.

हा स्क्रू घालताना पाहण्यासारखा असतो. अर्ध्या इंचाचा छेद. आधी बारीक तार. पडद्यावर एकदा वरून तिरकं, एकदा खालून तिरकं, एकदा बाजूने, अशी तीन चित्रं, आणि तिन्हींत तार हाडातच दिसली पाहिजे. वरच्या अंगाला कंबरेच्या पाचव्या मणक्याची नस, खाली सेक्रमच्या भोकातली नस. मधला बोगदा काही जणांत इतका अरुंद आणि वाकडा, की तिथे स्क्रू मुळीच घालू नये. आतड्यात गॅस असला तर चित्रच पुसट येतं. तार बरोबर बसली की तिच्यावरून ७.३ मिलिमीटरचा पोकळ स्क्रू फिरवत न्यायचा. रक्त जवळजवळ जात नाही.

सेक्रमचाच उभा चुरा झाला असेल, तर एकटा स्क्रू पुरत नाही. तिथे कंबरेच्या मणक्यापासून कडेच्या हाडापर्यंत दांडा आणि जोडीला आडवा स्क्रू, ही त्रिकोणी बांधणी सर्वांत भक्कम. पेशंटला लवकर उभं करता येतं. पण हडकुळ्या मजुराला चटईवर झोपताना तेच लोखंड टोचतं आणि काढायला पुन्हा टेबलावर यावं लागतं. अलीकडे पुढच्या सळ्या कातडीखालून, मणक्याचे स्क्रू वापरून घालतात. पोट सुटलेल्या माणसाला बाहेरच्या चौकटीपेक्षा त्या बऱ्या, पू कमी. मात्र काहींच्या मांडीची बाहेरची बाजू बधिर होते आणि या सळ्याही पुढे काढाव्याच लागतात. माझं मत सरळ आहे: सी प्रकारात मागचं हाड धरल्याशिवाय पुढच्या कुठल्याही उपायावर विसंबू नये, मग तो कितीही नवा असो.

आणि या सगळ्याच्या आधी, कंबर आवळून धरणारी चादर. २६ जानेवारी २०१४ला राज्यात १०८ची रुग्णवाहिका आली, २०१७मध्ये घाटकोपर स्टेशनवर एक रुपयातला दवाखाना सुरू झाला. तरीही सळई-स्क्रू लागण्याआधीचा पहिला तास बहुधा हमाल, पोलीस आणि सहप्रवासी यांच्याच हातात असतो. चादर पोटावर नव्हे, मांडीच्या वरच्या अंगाला बाहेरून जे हाड हाताला लागतं तिथे गुंडाळायची, दोघांनी दोन्हीकडून ओढून गाठ मारायची, गुडघे एकत्र बांधायचे, आणि पेशंटला उगाच कुशीवर लोळवायचं नाही. प्रत्येक स्टेशनच्या स्ट्रेचरवर अशी एक घडी केलेली चादर आणि ती बांधता येणारी दोन माणसं असावीत, अशी माझी रेल्वेकडे मागणी आहे.