सकाळी बोटं किती वेळ आखडतात? एका साध्या प्रश्नाचा इतिहास

सांधे दुखतात म्हणून तुम्ही डॉक्टरांकडे जाता. रिपोर्टची फाईल पुढे करता. डॉक्टर मात्र आधी विचारतात, "सकाळी उठल्यावर बोटं किती वेळ आखडलेली असतात?" अनेकांना वाटतं, हे काय विचारताहेत? रक्ताचा रिपोर्ट आहे ना, तो बघा की!

या साध्या प्रश्नाला मोठा इतिहास आहे आणि त्यातलं एक महत्त्वाचं पान आपल्या पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात लिहिलं गेलं आहे. तो इतिहास समजला, की ऑटोइम्यून आजाराची सुरुवात ओळखण्यात तुमचा स्वतःचा वाटा किती मोठा आहे, हे लक्षात येईल.

ऑटोइम्यून आजार म्हणजे काय?

आपली प्रतिकारशक्ती जंतूंशी लढते. स्वतःचं कोण आणि परकं कोण, ही ओळख तिला असते. ही ओळख चुकली, तर ती आपल्याच शरीरावर हल्ला करते. सांध्यांच्या अस्तरावर हल्ला झाला तर आमवात (रुमेटॉइड आर्थ्रायटिस), थायरॉइडवर झाला तर हाशिमोटो, त्वचा, सांधे, मूत्रपिंड अशा अनेक ठिकाणी झाला तर ल्युपस. कोड आणि लहान मुलांमध्ये अचानक सुरू होणारा टाइप १ मधुमेह हेही याच कुटुंबातले.

आधी लक्षणं दिसली, कारण फार उशिरा कळलं

सुमारे बाराशे-तेराशे वर्षांपूर्वीच्या 'माधवनिदान' या आयुर्वेदाच्या ग्रंथात आमवाताचं वेगळं प्रकरण आहे. त्यात सांध्यांच्या सुजेबरोबरच अंग मोडून येणं, तोंडाची चव जाणं, आळस, जडपणा आणि ताप यांचीही नोंद आहे. त्या काळचा आमवात आणि आजचा रुमेटॉइड आर्थ्रायटिस तंतोतंत एकच, असं म्हणता येणार नाही. पण दुखणं सांध्यांत दिसत असलं तरी आजार सगळ्या शरीराचा असतो, हे निरीक्षण आजही खरं आहे.

युरोपात 1800 साली लांद्रे-बोव्हे या तरुण फ्रेंच डॉक्टरने पॅरिसच्या रुग्णालयातल्या नऊ स्त्रियांचं दुखणं नेहमीच्या 'गाऊट'पेक्षा वेगळं आहे, असं लिहून ठेवलं. 1859 मध्ये इंग्लंडच्या गॅरड यांनी त्याला रुमेटॉइड आर्थ्रायटिस हे नाव दिलं. पण तो कशामुळे होतो, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॉल एर्लिश या थोर जर्मन शास्त्रज्ञाने मांडलं, की शरीर स्वतःविरुद्ध विष तयार करणं टाळतं. त्यांच्या शब्दाचं वजन इतकं होतं, की शरीर स्वतःवरच उलटू शकतं ही कल्पना पुढची अनेक वर्षं मागे पडली. मग एकेक पुरावा समोर आला. 1940 मध्ये नॉर्वेच्या वालर यांना आमवाताच्या रुग्णांच्या रक्तात एक वेगळा घटक सापडला. आज आपण ज्याला 'आरए फॅक्टर' म्हणतो तो हाच. 1948 मध्ये अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये हारग्रेव्हज यांनी ल्युपसच्या रुग्णांमधली खास पेशी दाखवली. 1956 मध्ये लंडनच्या संशोधकांना हाशिमोटोच्या रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच थायरॉइडविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या.

एका रुग्णाचं बोलणं आणि नोबेल

मेयो क्लिनिकचेच डॉ. फिलिप हेंच यांना 1929 मध्ये एका रुग्णाने सांगितलं, "कावीळ झाली आणि माझे सांधे दुखायचे थांबले." हेंच यांनी हे हसण्यावारी नेलं नाही. पुढे गरोदरपणातही अनेकींचा आमवात शांत होतो, हे त्यांच्या लक्षात आलं. शरीरातच काहीतरी आराम देणारं तयार होत असावं, हा धागा त्यांनी जवळपास वीस वर्षं सोडला नाही. 1948 च्या सप्टेंबरमध्ये त्यांच्या चमूने एका तरुण रुग्णेला पुढे कॉर्टिझोन या नावाने ओळखलं गेलेलं औषध दिलं. आजाराने जखडलेली ती स्त्री काही दिवसांत चालू लागली. 1950 मध्ये हेंच, केंडल आणि राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं.

लवकरच स्टेरॉइडचे दुष्परिणामही दिसले. आजही कुणी बिननावाच्या पुड्या देतं आणि दोन दिवसांत जादू होते, तेव्हा त्यात स्टेरॉइड असण्याची शक्यता असते. दुखणं दबतं, पण आजार आत चालूच राहतो आणि निदान लांबतं.

भिगवण, 1996

"हा थंड देशांतला आजार, आपल्याकडे कुठे एवढा!" असा समज बराच काळ होता. खेड्यांमधली मोजदादच नव्हती. जागतिक आरोग्य संघटना आणि सांधेविकारतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांचा 'कॉपकॉर्ड' नावाचा उपक्रम 1981 पासून वेगवेगळ्या देशांत सुरू होता. त्याअंतर्गत 1996 मध्ये पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवणमध्ये सर्वेक्षण केलं.

पद्धत साधी होती. रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट न पाहता घरोघर जायचं आणि विचारायचं. दुखतं का, कुठे दुखतं, किती दिवसांपासून? ज्यांना त्रास आहे त्यांना मग डॉक्टर तपासायचे. रक्ताच्या आणि इतर चाचण्या त्यानंतर, गरज असेल तिथे.

4092 प्रौढांपैकी 746 जणांना, म्हणजे 18.2 टक्के लोकांना हाडं, सांधे किंवा स्नायूंचं दुखणं निघालं. त्यातलं बहुतेक कष्टाचं, वयाचं किंवा झिजेचं होतं. रुमेटॉइड आर्थ्रायटिस सुमारे अर्धा टक्का प्रौढांमध्ये आढळला, म्हणजे दर दोनशे प्रौढांमागे साधारण एक. पाश्चात्त्य देशांतल्या आकड्यांपेक्षा हे फार वेगळं नव्हतं. आजार गावात होताच, त्याला नाव मिळालेलं नव्हतं.

भिगवणचा धडा खारघरलाही लागू आहे. दुखणारे गुडघे आणि कंबर इमारतीगणिक सापडतील. त्या गर्दीतून दोनशेतला तो एक जण वेगळा कसा काढायचा? तिथे सकाळच्या बोटांचा प्रश्न कामी येतो. झिजेमुळे आलेला आखडलेपणा सहसा अर्ध्या तासाच्या आत सुटतो आणि कामाने दुखणं वाढतं. आमवातात आखडलेपणा बहुधा अर्धा-एक तास किंवा त्याहून जास्त टिकतो आणि हालचालीने हळूहळू कमी होतो.

लवकर ओळखून फायदा काय?

पूर्वी फारसा नव्हता, कारण आजार रोखणारं खात्रीचं औषध नव्हतं. 1980 च्या दशकात आठवड्यातून एकदा घ्यायच्या कमी डोसच्या मेथोट्रेक्सेटने चित्र बदललं. हे औषध मूळचं कॅन्सरचं, म्हणून अनेक जण घाबरतात. पण आमवातातला डोस खूपच कमी असतो. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, नियमित रक्त तपासूनच घ्यायचं. रोज चुकूनही घ्यायचं नाही. गरोदरपणात ते चालत नाही.

औषध आलं तशी निदानाची घाईही वाढली. 1987 चे निकष आजार मुरल्यावर बरे चालायचे. 2010 मध्ये ते बदलले आणि हाडं खराब होण्याआधीच आजार पकडण्यावर भर आला. दरम्यान 'अँटी-सीसीपी' ही जास्त नेमकी चाचणी आली होती. नेदरलँड्समधल्या रक्तदात्यांच्या साठवलेल्या नमुन्यांत तर लक्षणांच्या काही वर्षं आधीच अशा अँटिबॉडी सापडल्या.

तरीही रिपोर्ट एकटा पुरत नाही. आमवात असूनही आरए फॅक्टर निगेटिव्ह येऊ शकतो, आणि पूर्ण निरोगी माणसाचा एएनए पॉझिटिव्ह येऊ शकतो. म्हणून लक्षणं नसताना हौसेने या चाचण्या करू नका, आणि लक्षणं असताना एका निगेटिव्ह रिपोर्टवर निश्चिंत होऊ नका.

तुम्ही कशाकडे लक्ष द्याल?

• सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाहून जास्त; बोटांच्या पेरांना किंवा मनगटाला सूज; अंगठी अचानक घट्ट होणं.
• चाळिशीच्या आत सुरू झालेली कंबरदुखी, जी विश्रांतीने वाढते आणि हालचालीने कमी होते.
• उन्हात गेल्यावर गालांवर चट्टे, तोंडात वारंवार फोड, खूप केस गळणं.
• थंडीत बोटं पांढरी-निळी पडणं. डोळे आणि तोंड सतत कोरडं.
• कारण न सापडणारा थकवा, बारीक ताप, वजन कमी होणं, वारंवार गर्भपात.

यातलं एखादं लक्षण म्हणजे आजार झालाच, असं नाही. चिकनगुनियानंतरही सांधे अनेक महिने दुखू शकतात. पण सांध्यांची सूज सहा आठवड्यांवर गेली, किंवा दोन-तीन लक्षणं एकत्र आली, तर "वात आहे, पावसाळा संपला की जाईल" म्हणून थांबू नका. लघवीतून फेस किंवा रक्त, पायावर किंवा चेहऱ्यावर सूज, धाप लागणं किंवा छातीत दुखणं असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

येताना रिपोर्टसोबत एक कागदही आणा. त्रास कधी सुरू झाला, कुठे सूज येते, सकाळी किती मिनिटं बोटं आखडतात, घरात कोणाला असा आजार आहे का, कोणती औषधं किंवा पुड्या घेतल्या, एवढं त्यावर लिहा. सुजेचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा, कारण तपासणीच्या वेळी ती नेमकी उतरलेली असते. निदानाची सुरुवात बहुतेक वेळा त्या कागदावरूनच होते.