मेनूकार्डावर नसलेला पदार्थ

जुलै उजाडला, तापमापकाचा पारा पन्नाशीकडे धावू लागला आणि शाळांना सुट्टी लागली की कुवेतमधल्या मराठी घरांत दोन प्रश्न हमखास निघतात. भारतात किती दिवस जायचे, आणि यंदा ‘आणखी कुठे’ जायचे? या ‘आणखी कुठे’चे उत्तर बहुधा एखादे बेट असते. श्रीलंका, मालदीव, बाली, मॉरिशस! तिकिटे निघाली की लगेच तिसरा प्रश्न येतो, तो घरातल्या ज्येष्ठांकडून : “तिथे खायला काय मिळतं?” मग बॅगेच्या कोपऱ्यात चिवड्याची पिशवी आणि मेतकुटाचा डबा जाऊन बसतो, आणि आपण निर्धास्त होतो.

मंडळी, मी हा तिसरा प्रश्न गंभीरपणे घ्यायला शिकले आहे. परक्या गावात हॉटेलात बसून समोर आलेले ताट नीट पाहिले, तर त्या गावाचा अर्धा इतिहास तिथेच वाचता येतो. कोण आले, कशासाठी आले, कोण राहिले आणि कोण निघून गेले, हे सगळे तिथे वाढलेले असते. मात्र उरलेला अर्धा इतिहास मेनूकार्डावर कधीच छापला जात नाही. हा लेख त्या दोन्ही अर्ध्यांविषयी आहे.

सुरुवात घरापासूनच करते. आम्ही बनेद अल-गारमध्ये राहतो. ‘गार’ म्हणजे डांबर. मूळ अरबी शब्द ‘क़ार’, पण कुवेती बोलीत ‘क़’चा ‘ग’ होतो. समुद्राला लागून असलेल्या या वस्तीत संध्याकाळी पाय मोकळे करायला बाहेर पडावे, तर तंदूरमधून निघणाऱ्या इराणी रोट्यांचा वास आधी भेटतो. एखाद्या कुवेती उपाहारगृहात शिरलात, तर यादीत मछबूस, मुरब्यान आणि मुतब्बक झुबैदी ही नावे दिसतील. झुबैदी म्हणजे दुसरे तिसरे कोणी नसून आपले पापलेट! आणि या तिन्ही पदार्थांचा पाया आहे भात. ज्या भूमीत भाताचे एक रोप उगवत नाही, तिथे रोजचे जेवण भाताचे कसे झाले?

याचे उत्तर समुद्रात आहे. १९४६ साली कुवेतमधून तेलाची पहिली निर्यात झाली. त्याआधी हे गाव मोती, मासेमारी आणि जहाजांवर जगत होते. इथली गलबते बसऱ्याकडचा खजूर भरून कराची, मुंबई आणि मलबारकडे जात आणि परतताना तांदूळ, मसाले, कापड आणि जहाजबांधणीसाठी सागवान घेऊन येत. कुवेती मोत्यांचा मोठा बाजार मुंबईत होता. चलनसुद्धा आपलेच होते. इथे १९६१ पर्यंत रुपया चालत असे. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा रुपया काढला, आणि १ एप्रिल १९६१ रोजी कुवेती दिनार आला. तेव्हा १३ रुपये आणि वर एक तृतीयांश, असा एका दिनारचा भाव ठरला होता. आज आपण दिनाराचा भाव सकाळी उठून पाहतो, तेव्हा ही गंमत आठवावी!

या व्यापाराने एक मराठी शब्दही इथे आणून सोडला. सँडविचमध्ये किंवा फलाफलवर घालतात ते हळद-मेथीचे पिवळेधमक आंबट लोणचे तुम्ही खाल्ले असेल. त्याचे नाव ‘अंबा’. आखाती बोलीत कच्च्या-पिक्या आंब्यालाही ‘हंबा’ म्हणतात. शब्दांचा माग काढणारे या ‘अंबा’साठी मराठीतल्या ‘आंबा’कडे बोट दाखवतात. मुंबईत स्थिरावलेल्या बगदादी ज्यू व्यापाऱ्यांनी (ज्यांच्यातल्या ससून घराण्याचे नाव आपल्या ससून डॉकला आहे) हे लोणचे इराककडे नेले असे सांगतात. नेणारा कोणीही असो, बरणीवर आपला शब्द आहे एवढे खरे.

थोडक्यात, कुवेतच्या ताटात व्यापाऱ्याचा आणि खलाशाचा हात दिसतो. दोघेही जाऊन परत येणारे लोक. जे परत जाऊ शकले नाहीत, त्यांचे ताट कसे असते, हे मात्र आम्ही मॉरिशसमध्ये पाहिले.

काही वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आम्ही चौघे तिथे आठ दिवस होतो. दक्षिण गोलार्धात असल्यामुळे तेव्हा तिथे हिवाळा असतो. कुवेतच्या भट्टीतून निघून गार वाऱ्यात उतरलो आणि मुलांना स्वेटर घालावे लागले! पहिल्या दिवशी पोर्ट लुईच्या बाजारात फिरताना भूक लागली. काचेच्या पेटीतून एक विक्रेता पिवळसर, मऊ, पातळ पोळ्या काढून देत होता. जोडीनेच द्यायच्या, आत वालासारख्या दाण्यांची उसळ, टोमॅटोची चटणी आणि मिरची. पदार्थाचे नाव ‘धोल पुरी’. पहिला घास घेताच मी म्हणाले, “अगं बाई, ही तर बिनगुळाची पुरणपोळी!”

पण इतिहास इतका सरळ नसतो. धोल पुरी ही बिहारची दालपुरी आहे, आणि ती तिथे कशी पोहोचली याची गोष्ट गोड नाही. हे बेट आधी डचांचे, १७१५ पासून फ्रेंचांचे आणि १८१० पासून इंग्रजांचे. ऊस डचांनी आणला, तो फ्रेंचांनी आणि इंग्रजांनी वाढवला, आफ्रिकेतून आणि मादागास्करमधून आणलेल्या गुलामांच्या पाठीवर. १ फेब्रुवारी १८३५ ला तिथली गुलामगिरी कायद्याने संपली. मळेवाल्यांनी आधीच पर्याय शोधून ठेवला होता. २ नोव्हेंबर १८३४ ला ‘अ‍ॅटलस’ जहाजातून ३६ भारतीय मजूर पोर्ट लुईला उतरले. पुढच्या सुमारे ऐंशी वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास भारतीय करारावर तिथे आले. ज्या धक्क्यावर ते उतरले, तो आप्रवासी घाट २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. तिथल्या दगडी पायऱ्या फक्त सोळा आहेत. चढायला अर्धा मिनिटही लागत नाही, पण मुलांना मी त्या सावकाश चढायला लावल्या.

करार होता महिना पाच रुपये आणि शिधा : तांदूळ, डाळ, मीठ, थोडे तेल किंवा तूप. एक दिवस कामाला गेले नाही, तर दोन दिवसांचा पगार कापत. मळा सोडून हिंडायचे, तर परवान्याची भानगड. अशा माणसाने ‘बाहेर जेवायला’ जायचे कुठे? त्याच्या ताटात मुकादमाने मोजून दिलेले तेवढेच. त्या मोजलेल्या डाळीतून लोकांनी काय काय केले पाहा. डाळ भरून धोल पुरी केली. वाटून, मिरची घालून तळली, तिचे झाले ‘गातो पिमाँ’. नाव फ्रेंच, पण वस्तू आपला डाळवडा!

पुढे हेच पदार्थ हातगाड्यांवर, सायकलवरच्या पेट्यांतून रस्त्यावर आले आणि आज सगळ्या बेटाचे झाले. आमच्या समुद्रकाठच्या हॉटेलात एक संध्याकाळ ‘मॉरिशियन रात्र’ होती. एकीकडे सेगा नृत्य, दुसरीकडे लांबलचक टेबल. त्या टेबलावरून चालत जाणे म्हणजे बंदराची नोंदवही वाचणे होते. मोहरी, हळद आणि व्हिनेगर लावलेल्या माशाचे ‘विंदाय’ : मूळ पोर्तुगीज, म्हणजे आपल्या गोव्याच्या विंदालूचे चुलत भावंड. चिनी दुकानदारांबरोबर आलेल्या परतलेल्या शेवया. गुजराती मुसलमान व्यापाऱ्यांच्या वस्तीत रुजलेली बिर्याणी. केळीच्या पानावर वाढायच्या तमिळ पद्धतीच्या सात भाज्या. टोमॅटोचे ‘रुगाय’. आणि शेवटी ‘आलुदा’, म्हणजे सब्जा घातलेला आपला फालुदा.

माझी धाकटी तेव्हा दहा वर्षांची होती. सगळे टेबल पाहून झाल्यावर तिने विचारले, “आई, यात आपलं कुठलं?”

प्रश्न बरोबर होता. कारण त्या साडेचार लाखांत आपलेही लोक होते. मजूर तीन बंदरांतून गेले : कलकत्ता, मद्रास आणि मुंबई. मुंबईचा वाटा सर्वांत लहान. त्यातले बरेच रत्नागिरी आणि सावंतवाडीकडचे. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणून ओळखले जातात. शाळांत मराठी हा विषय आहे. कोकणातली जाखडी तिथे ‘झाकरी’ नावाने नाचली जाते. गणेशोत्सव १८९६ पासून होतो असे सांगतात, आणि गणेशचतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते! आपल्याला कुवेतमध्ये त्या दिवशी रजेचा अर्ज करावा लागतो, हे मी वेगळे सांगायला नको. मग एवढा टिकलेला समाज त्या टेबलावर का नव्हता?

आमच्या टेबलाची व्यवस्था पाहणारे गृहस्थ पन्नाशीचे होते. छातीवरच्या पट्टीवर आडनाव होते, ‘जी’ने संपणारे. मजूर उतरला की कारकून त्याचे किंवा बापाचे नाव लिहून घेई आणि तेच पुढे आडनाव होई. मी मराठीत बोलताच ते थबकले आणि अडखळत, पण स्पष्ट म्हणाले, “मी पण मराठी.” पुढचे बोलणे इंग्रजीत झाले. घरी क्रिओल बोलतात, आरत्या मात्र मराठीत म्हणतात. मी मुलीचा प्रश्न त्यांना विचारला. ते हसले. म्हणाले, “मोदक हवेत? पुढच्या आठवड्यात चतुर्थी आहे, घरी या. हॉटेलात कशाला शोधता? ते विकायचं नसतं.” आमचे परतीचे विमान चतुर्थीच्या आधीचे होते. पण ते वाक्य मी बरोबर घेऊन आले.

‘ते विकायचं नसतं.’ यात थोडा अभिमान आहे, पण थोडी कारणमीमांसाही आहे. मुळात संख्या कमी. रस्त्यावर खपतो तो बहुसंख्यांचा पदार्थ, आणि बहुसंख्य बिहारकडचे होते. पण मुंबईत तर आपण थोडे नव्हतो! ज्या कोकणातून माणसे मॉरिशसला गेली, त्याच कोकणातून गिरण्यांतही गेली. त्या गिरणगावात चहा इराण्याकडे, इडली उडुप्याकडे, आणि मराठी जेवण मात्र खानावळीत, म्हणजे बहुतेक वेळा एखाद्या बाईच्या दहा बाय दहाच्या खोलीत. मामा काणे यांच्यासारखी १९१० पासूनची उपाहारगृहे आहेत, पण ती बोटावर मोजण्याइतकी. शेकडो गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या या बायकांना कोणी हॉटेलवाले म्हटले नाही. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, तेव्हा कुठे त्यांना बँकेचे कर्ज आणि कष्टाचे नाव मिळू लागले. आपले जेवण घरात राहिले, आणि घरातल्या बाईचा इतिहास जसा लिहायचा राहिला, तसाच त्या जेवणाचाही राहिला.

मॉरिशसमध्ये मोका येथील महात्मा गांधी संस्थेत करारबद्ध मजुरांच्या नोंदवह्या जपलेल्या आहेत. नाव, वय, गाव, उंची, अंगावरच्या खुणा. पुढच्या काळातली छायाचित्रेसुद्धा. कारकुनाने त्या माणसाची उंची इंचांत मोजली. तो घरी काय जेवत होता, हे मात्र विचारले नाही. ते कोणा आजीने नातीला शिकवले म्हणून मोदक उरले. जे शिकवायचे राहिले, ते गेले.

आता आपल्याकडे वळते. आपण मॉरिशसवाले नाही. आपण इथे करारावरच आलो, पण विमानाने आणि आपल्या मर्जीने. त्यांच्या कष्टांशी आपली तुलना करणे बरे नव्हे. पण एक फरक उलटा आहे. ते राहिले, आपण राहणार नाही. इक़ामा आहे तोवर आपण आहोत. नोकरी संपली की चाळीस वर्षांचा संसार खोक्यांत भरून निघायचे. बनेद अल-गारच्या कुठल्याही मेनूकार्डावर आपली खूण राहणार नाही. गलबतावरून आलेला ‘आंबा’ राहिला, हजारो मराठी स्वयंपाकघरे मात्र मागे काहीच न ठेवता बंद होतील.

आणि खरे तर या स्वयंपाकघरांत इतिहास घडलेला आहे. माझ्या शेजारी राहणाऱ्या एक काकू, आता नाशिकला असतात, कोकम संपले की आमटीत काळे वाळवलेले लिंबू, इथले ‘लूमी’, टाकत. ती आमटी त्यांच्या नाशिकच्या सुनेला आज ‘कुवेतची आमटी’ म्हणून येते. आमच्या घरी मोदकाच्या सारणात गुळाच्या जोडीला खजूर असतो. शंभर वर्षांपूर्वी जो खजूर इथल्या गलबतांतून मुंबईला जात होता, तो आता मोदकात शिरला आहे. हे कुठल्या पुस्तकात सापडणार?

म्हणून मंडळाला माझी एक विनंती आहे. स्मरणिकेत दर वर्षी आपण पाककृती छापतो : साहित्य, कृती, वेळ, किती जणांसाठी. त्याखाली तीन ओळी आणखी मागाव्यात. हा पदार्थ कोणाकडून शिकलात? त्या कोणत्या गावच्या? आणि कुवेतला आल्यावर यात काय बदलावे लागले? मुलांनाच हे लिहायला बसवावे, आजीला फोन लावून. म्हणजे उद्या ती टोरांटोला असोत की ठाण्याला, ‘यात आपलं कुठलं’ या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याजवळ त्यांच्याच अक्षरात असेल.