जीन

कापसातून सरकी वेगळी करणारे यंत्र. आणि, लक्षणेने, अशी यंत्रे ज्या आवारात चालतात तो सबंध कारखाना. बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव, मलकापूर, नांदुरा, शेगाव या कापसाच्या पेठांत शब्दाचा दुसराच अर्थ अधिक रूढ असून, कापूस जिनात टाकला असे शेतकरी म्हणतो तेव्हा त्याच्या मनात यंत्र क्वचितच असते. असतो तो वजनकाटा, कापसाची गंजी आणि चुकाऱ्याचा हिशेब.

व्युत्पत्ती : लॅटिन ‘इंगेनियम’ म्हणजे उपजत बुद्धी. त्यापासून निघालेला ‘एंजिन’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत गेला आणि तेथे आद्य अक्षराचा लोप होऊन ‘जिन’ हे रूप सिद्ध झाले. मध्ययुगीन इंग्रजीत त्याचे अर्थ कसब, युक्ती, कपट, पारध्याचा फासा, ओझे उचलण्याचा रहाट असे क्रमाने बुद्धीकडून वस्तूकडे सरकत गेलेले दिसतात. मूळ शब्दाचे अखंड रूप ‘इंजिन’ म्हणून मराठीत निराळे आले. घोड्याच्या पाठीवरचे जीन फार्सी आहे, जैनांचा जिन संस्कृत ‘जि’ (जिंकणे) धातूपासून झालेला आहे आणि भुताखेतांतला जिन अरबी आहे. या तिघांचा प्रस्तुत शब्दाशी काहीही संबंध नाही.

यंत्र : सरकी काढण्याचा लाटांचा चरखा या देशात फार प्राचीन. अजिंठ्याच्या एका भित्तिचित्रात त्याचे पूर्वरूप आढळते, असा काही अभ्यासकांचा अभिप्राय आहे. अमेरिकेत एली व्हिटनी याने १७९४ मध्ये दातेरी जिनाचा एकस्व हक्क मिळविला. कल्पनेचे श्रेय सर्वस्वी त्याचेच काय, याविषयी मतैक्य नाही. बुलढाणा जिल्हा ज्यात मोडतो त्या वऱ्हाडात मात्र दातेरी जिनापेक्षा मॅकार्थी पद्धतीचे (१८४०) लाटेचे जीन प्रस्थापित झाले. त्यात चामड्याने मढविलेली लाट तंतू धरून अचल पात्याखालून ओढते, चल पाते त्याच क्षणी सरकीवर आघात करते, आणि रुई पुढे व सरकी जाळीतून खाली पडते. कापसाच्या वजनाचा सुमारे एक तृतीयांश भाग रुई होतो. उरलेली बहुतेक सरकी तेलाच्या घाण्याकडे जाते व ढेपेच्या रूपाने गोठ्यात परतते.

बुलढाणा जिल्ह्यातील प्रसार : १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या अंमलाखाली आले. अमेरिकेतील यादवीमुळे (१८६१–६५) तिकडील कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला आणि या मुलखाच्या काळ्या जमिनीकडे सरकारी दप्तराचे लक्ष सहसा जात नाही इतके गेले. मुख्य लोहमार्ग खामगावास वळसा देऊन जलंबवरून गेला होता. पेठेचे महत्त्व असे की, जलंब ते खामगाव हा जेमतेम आठ मैलांचा फाटा सरकारने केवळ तिच्यासाठी बांधविला आणि १८७० साली त्याच्या उद्घाटनास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीने उपस्थित राहिले. खामगाव त्या वेळी अकोला जिल्ह्यात मोडत असे. बुलढाण्याकडे ते १९०५ च्या फेररचनेत आले, म्हणून जिल्ह्याच्या कापूस-व्यापाराचा आरंभीचा वृत्तान्त अकोल्याच्या दप्तरात शोधावा लागतो. यंत्रासोबत आलेल्या ‘जीन’ या शब्दाने ‘वटणी’, ‘रेचणे’ ही देशी नावे मागे सारली; कापूस, रुई, सरकी व ढेप या जिनसांची नावे मात्र त्याला हलविता आली नाहीत, कारण त्या जिनसा शेतकऱ्याच्या घरच्या होत्या.

कायदा : जिनिंग व प्रेसिंग कारखान्यांचा अधिनियम १९२५ चा. महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी योजना १९७२ मध्ये अमलात आली व पुढे संपुष्टात आली.

इतर अर्थ : ‘जिन’ नावाचे मद्य डच ‘येनेव्हर’ (मूळ लॅटिन ‘जुनिपेरस’, एक सुगंधी फळांचे झुडूप) या शब्दाच्या संक्षेपाने झाले. विस्तार येथे अप्रस्तुत.