दोन अक्षरांची मुद्रा आणि ठशामागची नावे

वस्तूवर नाव घालणे ही गोष्ट आज इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याकडे कोणी थांबून पाहत नाही. औषधाच्या बाटलीवर, सदऱ्याच्या गळपट्टीवर, पाण्याच्या डब्यावर दोनचार अक्षरे विशिष्ट घाटाने जोडलेली असतात आणि ती पाहूनच आपण मालाची परीक्षा करतो. अलीकडे तर एकट्यादुकट्या माणसानेही आपल्या आद्याक्षरांची मुद्रा आखून घ्यावी आणि ती भेटकार्डावर, पिशवीवर, चहाच्या कपावर छापावी, अशी रीत पडली आहे. या रीतीला आमचा विरोध नाही. परंतु ज्यांचे आयुष्य कारखान्याच्या दारात, माल घडवणाऱ्या माणसांत गेले, त्या आमच्यासारख्यांना अशी मुद्रा दिसली की एक प्रश्न सहज पडतो : नाव कोणाचे, आणि वस्तू कोणाच्या हातची? हा प्रश्न पाचशे वर्षांहून जुना आहे आणि जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहराचा चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर (१४७१–१५२८) याच्या चरित्रात तो फार स्पष्टपणे वाचता येतो. म्हणून त्याच्या दोन अक्षरांची हकीकत येथे सांगण्याचे योजले आहे.

प्रथम ड्यूररच्या आधीची स्थिती पाहू. कारागिराच्या खुणेचा उगम युरोपात बव्हंशी सोनारांच्या पेढीत सापडतो. इंग्लंडमध्ये १३६३ च्या कायद्याने प्रत्येक उस्ताद सोनाराने स्वतःची निराळी खूण ठेवावी असे ठरले. यामागचा हेतू अगदी व्यवहारी होता. चांदीत हीण सापडले तर कोणाला धरायचे, हे कळावे. म्हणजे खूण ही आरंभी जबाबदारीची कबुली होती. ती असली की कारागिराला मान मिळे हे खरे, पण मान मागाहून आला. आधी आला तो जाब.

ड्यूररचा बाप सोनारच होता. तो मूळचा हंगेरीतला. १४५५ साली न्यूरेंबर्गला येऊन स्थायिक झाला. त्याच्या गावाच्या नावाचा अर्थ हंगेरियन भाषेत ‘दार’ असा होतो. जर्मन भाषेतील दाराच्या शब्दावरून घराण्याचे आडनाव पडले आणि घराण्याच्या ढालीवरही उघडे दार आले. पोराने आधी बापाच्या हाताखाली सोनारकाम शिकले आणि १४८६ साली मिखाएल वोल्गेमुट या चित्रकाराच्या कारखान्यात उमेदवारी पत्करली. त्याचा धर्मपिता आंतोन कोबर्गर हा त्या काळचा नामांकित मुद्रक व प्रकाशक. कोबर्गरने १४९३ साली छापलेल्या प्रसिद्ध न्यूरेंबर्ग बखरीतील चित्रे वोल्गेमुटच्याच कारखान्यातली. तीत सुमारे १८०० चित्रे आहेत आणि ठसे मात्र ६४५. तेच शहर वेगळ्या नावाने, तोच राजा वेगळ्या शतकात पुन्हा छापलेला आढळतो! सारांश, सोनाराचा शिक्का आणि मुद्रकाचा ठसा, या दोन्ही गोष्टी ड्यूररला घरातच भेटल्या.

खुणेचा आणखी एक धडा त्याला कोल्मार येथील मार्टिन शोंगाउअर याच्याकडून मिळाला. हाही सोनाराचाच मुलगा. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या आपल्या चित्रांखाली तो आपली दोन आद्याक्षरे घालीत असे. त्याला भेटण्यासाठी ड्यूरर १४९२ साली कोल्मारला गेला, पण शोंगाउअर आदल्याच वर्षी वारला होता. गुरू भेटला नाही. त्याची चित्रे आणि त्यांखालची अक्षरे मात्र भेटली.

ड्यूररने पुढे आपली जी मुद्रा बसवली तिची ठेवण अशी : रोमन लिपीतील मोठा ‘ए’, त्याचे पाय रुंद फाकलेले, माथ्यावर सपाट पट्टी, आणि त्या दोन पायांच्या मध्ये, आडव्या दांडीखाली, लहानसा ‘डी’ उभा. पाहणाऱ्याला ती एखाद्या चौकटीसारखी दिसते. ती लांबून ओळखू येते, लहान केली तरी मोडत नाही, लाकडावर, तांब्यावर आणि रंगांत सारखीच उतरते आणि अक्षर न येणाऱ्या माणसालाही आकृती म्हणून लक्षात राहते. आजचे आरेखक चांगल्या मुद्रेची जी लक्षणे सांगतात ती सारी येथे आहेत. ती चित्रात कोठे घालावी याचीही त्याने काळजी घेतली. १५०४ च्या आदम-ईव्हच्या चित्रात ती झाडाच्या फांदीला टांगलेल्या पाटीवर पूर्ण नावासह आहे, १५१३ च्या घोडेस्वाराच्या चित्रात जमिनीवर टेकवलेल्या फळीवर. मुद्रा चित्राच्या जगातलीच एक वस्तू होऊन बसली.

परंतु या साऱ्या खटाटोपाचे कारण काय? कारण बाजार. रंगवलेले चित्र एकच असते. ते सांगून करून घेणारा धनी चित्रकाराला ओळखतो. छापील चित्राच्या प्रती शेकडो निघतात आणि अनोळखी गावात, अनोळखी हातांत जातात. तेथे चित्रकार सोबत जाऊ शकत नाही. त्याची खूण जाते. १४९८ साली ड्यूररने बायबलातील प्रलयवर्णनावर पंधरा मोठ्या चित्रांचे पुस्तक स्वतःच्या जबाबदारीवर प्रसिद्ध केले आणि त्यातील प्रत्येक चित्रावर ही मुद्रा आहे. त्याच्या आदल्या वर्षीच त्याने चित्रे गावोगाव नेऊन विकण्यासाठी एका माणसाशी करार केला होता. बायको आग्नेस फ्रांकफुर्टच्या जत्रेत चित्रे मांडून बसे, म्हातारी आई न्यूरेंबर्गच्या बाजारात. १५०९ साली एका धनिकाला लिहिलेल्या पत्रात तो तक्रार करतो की रंगकामाऐवजी कोरीवकाम करीत बसलो असतो तर हजार गुल्डनांनी अधिक श्रीमंत झालो असतो. घरातल्या स्त्रियांनी बाजारात उभे राहून ज्या मुद्रेची पत वाढवली तिच्या मागचा हा हिशेब होता.

जेथे पत तेथे नक्कल. व्हेनिसमध्ये मार्कांतोनिओ राइमोंदी नावाचा अत्यंत कसबी कोरणारा होता. त्याने ड्यूररच्या मेरीचरित्राच्या मालेतील सतरा लाकडी ठशांची चित्रे तांब्यावर रेघेला रेघ उतरवली आणि मुद्राही जशीच्या तशी कोरली. इटालियन चरित्रकार वासारी याने अशी कथा दिली आहे की ड्यूरर संतापून व्हेनिसला गेला, त्याने तेथील सत्ताधाऱ्यांकडे दाद मागितली आणि त्यांनी एवढाच निकाल दिला की मार्कांतोनिओने ड्यूररचे नाव व खूण वापरू नये. ही कथा जशीच्या तशी घेता येत नाही. वासारी ज्या मालेचे नाव घेतो ती १५११ साली पुस्तकरूपाने निघाली आणि ड्यूरर तर १५०७ सालीच व्हेनिसहून परतला होता. परंतु कथेपेक्षा खुद्द चित्रांची साक्ष अधिक भरवशाची आहे. मार्कांतोनिओने पुढे त्या दुसऱ्या मालेच्या नकला केल्या तेव्हा ड्यूररची मुद्रा घातली नाही. तिच्यासाठी असलेली पाटी कोरी ठेवली. चित्र घेतले आणि नाव सोडले.

न्यूरेंबर्गच्या नगरसभेचा ३ जानेवारी १५१२ चा ठराव मात्र कागदोपत्री आहे. नगरभवनाखाली एक परगावचा माणूस चित्रे विकत होता. त्यांतील काहींवर ड्यूररची खूण फसवणुकीने घातलेली होती. सभेने हुकूम केला की त्याने त्या सर्व खुणा काढून टाकाव्यात. न काढल्यास माल खोटा समजून जप्त करावा.

या ठरावाकडे आम्ही वाचकांचे मुद्दाम लक्ष वेधतो. नकली चित्रे विकू नका असे सभेने म्हटले नाही. खूण काढा आणि खुशाल विका, असे म्हटले. चित्राची कल्पना, रेषेची ठेवण, रात्रंदिवस केलेली मेहनत, यांना संरक्षण नाही. दोन अक्षरांना आहे. कारण सभेच्या डोळ्यांपुढे गिऱ्हाईक होते. गिऱ्हाइकाची फसवणूक होऊ नये, एवढी तिची चिंता. सोनाराच्या शिक्क्याचाच हा न्याय होता. ड्यूररला एवढ्याने समाधान नव्हते. १५११ साली त्याने आपली मोठी पुस्तके काढली तेव्हा शेवटी कडक इशारा छापला, की दुसऱ्याची मेहनत आणि बुद्धी चोरणाऱ्यांनी याला हात लावू नये, सम्राट माक्सिमिलियनचा परवाना आमच्याजवळ आहे. मेहनत हा शब्द कायद्याच्या दारात येऊन उभा राहिला, तो असा.

आता ठशाची दुसरी बाजू उलटून पाहू. तांब्यावरची चित्रे ड्यूरर स्वतः कोरीत असे. लाकडी ठशाचे काम निराळे. चित्रकार फळीवर रेखाटन करी. मग ठसे कोरणारा कारागीर प्रत्येक रेघेच्या दोन्ही बाजूंचे लाकूड कोरून काढी आणि केसाएवढी रेघ उंच राखी. हात चुकला तर रेघ गेली. कारागिरांच्या या वर्गातला सर्वांत नावाजलेला माणूस न्यूरेंबर्गचा हिएरोनीमुस आंद्रेए. सम्राटाच्या गौरवासाठी ड्यूरर व त्याच्या सहकाऱ्यांनी आखलेली विजयकमान आंद्रेएच्या कारखान्यात कोरली गेली. ठसे एकशे नव्वदाहून अधिक. जोडलेले चित्र जवळजवळ साडेतीन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद. त्या कमानीच्या खालच्या कोपऱ्यात तीन जणांच्या ढाली आहेत : योजना करणारा पंडित, दरबारचा चित्रकार आणि ड्यूरर. कोरणाऱ्याची ढाल नाही.

याच सम्राटासाठी दुसरे प्रचंड काम निघाले, विजययात्रेचे. त्याचे अनेक ठसे व्हिएन्नात जपून ठेवलेले आहेत आणि त्यांच्या पाठीवर कोरणाऱ्या कारागिरांची नावे लिहिलेली आढळतात. ही नावे हिशेबासाठी घातली असतील, कोणी किती फळ्या कोरल्या हे कळावे म्हणून. पण ठशाची पाठ कागदाला कधी लागत नाही. शाई लागते ती पुढच्या अंगाला. म्हणजे चित्र शेकडो वेळा छापले तरी ही नावे एकदाही छापली जायची नव्हती. कामगार चळवळीत आयुष्य काढलेल्या माणसाला याहून बोलके ऐतिहासिक साधन क्वचितच मिळेल.

आंद्रेएचे नाव आपल्याला कळते याचे श्रेय बरेचसे योहान नॉयडॉर्फर या अक्षरगुरूला आहे. त्याने १५४७ साली आपल्या शहरातील कलावंतांबरोबर कारागिरांच्याही नोंदी लिहून ठेवल्या. नॉयडॉर्फरने वळण दिलेली जर्मन अक्षरे आंद्रेएनेच छापखान्यासाठी कोरली. ड्यूररने १५२५ साली कंपास व पट्टी यांनी मापन शिकवणारा ग्रंथ लिहिला, तोही आंद्रेएने छापला. त्यात रोमन मोठी अक्षरे चौकोनात कशी बसवावीत, जाड काठीची रुंदी चौकोनाच्या दहाव्या हिश्श्याइतकी कशी धरावी, हे कारागिरांना समजेल अशा भाषेत सांगितले आहे. आपल्या मुद्रेचे कसब गुप्त न ठेवता अक्षरविद्या सर्वांसाठी खुली करणारा हा ड्यूरर आम्हांस विशेष आदरणीय वाटतो.

त्याच ग्रंथात एक विलक्षण चित्र आहे. शेतकऱ्यांच्या पराभवाचा विजयस्तंभ : खाली गुरे, वर टोपल्या, दुधाची भांडी, शेतीची अवजारे, आणि शिखरावर पाठीत तलवार खुपसलेला बसका शेतकरी. ते वर्ष जर्मन शेतकऱ्यांच्या महान उठावाचे आणि त्याच्या निर्घृण बीमोडाचे. चित्रात थट्टा आहे की करुणा, यावर पंडितांचे एकमत नाही. आंद्रेएचा पक्ष मात्र स्पष्ट होता. शेतकऱ्यांची बाजू घेतल्याबद्दल त्याला तुरुंग पाहावा लागला.

येथे ड्यूररवर आरोप करण्याचा आमचा हेतू नाही. त्याच्या काळात चित्रावर नाव असावे एवढीच गोष्ट नवी होती. सर्वांची नावे असावीत ही मागणी अजून जन्मायची होती. तिच्या जन्माची एक खूण अमेरिकेत सापडते. तेथील विडीसारख्याच, पण मोठ्या, चिरूट वळणाऱ्या कामगारांच्या संघटनेने १८८० साली निळी चिठ्ठी काढली. पेटीवर ती असली म्हणजे माल संघटित कामगारांनी रास्त अटींवर बनवला, अशी ग्वाही. येथे धन्याच्या मुद्रेशेजारी कामगारांची मुद्रा बसली. पण इतिहास अर्धा सांगू नये. त्याआधी, १८७०-८० च्या दशकात, सॅन फ्रान्सिस्कोत जी चिठ्ठी निघाली ती पांढरी होती आणि माल गोऱ्या हातांचा आहे, चिनी कामगारांचा नाही, असे सांगण्यासाठी होती. मुद्रा माणसे जोडते तशी तोडतेही, आणि चळवळीचीही मुद्रा याला अपवाद नाही.

आमच्या मुंबईच्या गिरण्यांचे कापड याच इतिहासात येते. तागावर गिरणीचे नाव आणि रंगीत चित्राचे लेबल असे; साचेवाल्याचे नाव फारतर हजेरीबुकात. आणि अगदी अलीकडचे उदाहरण बांगलादेशातील. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक कामगार दगावले. त्या ढिगाऱ्यात लोकांनी जे शोधले त्यांत सदऱ्यांच्या गळपट्टीवरच्या पट्ट्याही होत्या. माल कोणासाठी शिवला जात होता याचा पुरावा त्या पट्ट्यांनी दिला. पुढच्याच महिन्यात अनेक परदेशी कंपन्यांना कामगार संघटनांबरोबर इमारतींच्या सुरक्षिततेच्या बंधनकारक करारावर सह्या कराव्या लागल्या. सोनाराच्या शिक्क्याचा जुना अर्थ, खोट सापडली तर कोणाला धरायचे, तो पुन्हा असा जागा झाला.

म्हणून तरुण आरेखकांना आणि कामगार बंधूभगिनींना आमचे सांगणे एकच आहे. मुद्रा अवश्य आखावी. ड्यूररसारखी साधी, ठसठशीत आणि टिकाऊ आखावी. परंतु ती ज्या मालावर घालाल त्या मालाचा जाब देण्याची तयारी ठेवा. आणि छापखाना असो की शिवणखाना, ज्यांच्या हातांनी तो माल झाला त्यांची नावे निदान पुस्तकाच्या एका पानावर, पेटीच्या एका बाजूवर छापण्याची सोय करा. जागा फार लागत नाही. ड्यूररची मुद्रा तर नखाएवढ्या जागेत मावत असे.