परसातली परदेशी गुलबक्षी

परसाच्या दुर्लक्षित कोपऱ्यात, मोरीच्या पाण्यावर आपोआप वाढलेलं झुडूप ओळखायचं तर ते दिवस कलताना पाहावं. तेव्हा फुलं उमलली आणि देठाशी मिऱ्यासारखं काळं, सुरकुतलेलं बी दिसलं, तर ती गुलबक्षी. तिला पाकळ्या नसतातच. रंगीत दिसतो तो निदलपुंज, म्हणजे फुलाचं बाहेरचं आवरण.

इतकी घरची वाटणारी ही गुलबक्षी मूळची अमेरिका खंडातली. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने तिची नोंद १७५३ मध्ये केली.

तिचं खरं मोठेपण पुढचं. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल कोरेन्स यांनी १९०९ मध्ये तिच्या पांढऱ्या-हिरव्या पानांच्या झाडांचे संकर अभ्यासले. पानांचा हा रंग बी धरणाऱ्या फांदीवरून ठरतो, परागकणांवरून नाही, असं त्यांना आढळलं. मेंडेलच्या नियमांत न बसणारी ही आनुवंशिकता हरितलवकांमधून उतरते.